बारीक अक्षरात काय लिहिलंय?

२०२३ चा जुलै. मी एसवायला होते. पुण्यातल्या आमच्या पीजीत माझ्या रूममेटला सकाळपासून जुलाब सुरू झाले. आदल्या संध्याकाळी आम्ही दोघींनी एकाच गाडीवर पाणीपुरी खाल्ली होती. मला काही झालं नाही, तिला झालं. दुपारपर्यंत ती इतकी गळून गेली की बाथरूमपर्यंत जायला भिंत धरावी लागत होती. मी छत्री उचलली, खालच्या मेडिकलमध्ये गेले आणि म्हटलं, "ओआरएस द्या." काउंटरवरच्या दादाने फ्रिज उघडला आणि विचारलं, "ऑरेंज की अ‍ॅपल?"

औषध कोल्ड्रिंकच्या बाटल्यांच्या शेजारून, फ्रिजमधून का येतंय, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता. पडला नाही. मी म्हटलं, "ऑरेंज, चार द्या." टेट्रापॅकवर इंग्रजीत ठळक अक्षरात ओ, आर, एस होतंच. अजून काय बघायचं?

रात्री तिला अ‍ॅडमिट करावं लागलं. सलाईन लावता लावता डॉक्टरांनी विचारलं, "काय काय दिलं प्यायला?" मी मोठ्या अभिमानाने पिशवीतला रिकामा पॅक काढून दाखवला. त्यांनी तो उलटा केला, मागची बाजू माझ्यासमोर धरली आणि म्हणाले, "हा ज्यूस आहे गं."

आता एक गोष्ट आधीच सांगते. त्या चार पॅकमुळेच तिची तब्येत बिघडली, असं मी म्हणू शकत नाही. इन्फेक्शन होतं, ते कदाचित तसंही वाढलं असतं. एका मैत्रिणीच्या एका रात्रीवरून निष्कर्ष काढायचा नसतो, एवढं मला कळतं. पण मी तिला औषध समजून सरबत पाजलं, एवढं मात्र खरं. आणि ते मी आडाणीपणाने केलं नव्हतं. मी लेबलवर विश्वास ठेवला होता.

ही गोष्ट मी जवळजवळ विसरले होते. गेल्या ऑक्टोबरमध्ये इंटर्नशिपला असताना डेस्कवर एजन्सीची कॉपी आली. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, १४ ऑक्टोबर २०२५ ला आदेश काढला होता: जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे नसलेल्या कुठल्याही पेयावर 'ओआरएस' हे शब्द वापरायचे नाहीत. नावाच्या पुढे नाही, मागे नाही, ब्रँडच्या नावात गुंफूनही नाही. सर म्हणाले, "चार ओळींत घे, आतल्या पानावर जाईल." मी चार ओळींत घेतली. पण त्या रात्री घरी जाऊन मी बाकीचं वाचत बसले, आणि मला जे सापडलं ते चार ओळींत मावणारं नव्हतं.

तुम्ही शाळेत असताना 'जलसंजीवनी' शिकला असाल. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. परीक्षेत दोन मार्कांना हमखास. आपल्याला तो आजीबाईच्या बटव्यातला उपाय वाटतो, म्हणून त्यामागचं विज्ञान कोणी विचारत नाही. ते असं: आतड्याच्या आतल्या अस्तरात मीठ आणि ग्लुकोज एकत्र आत घेणारं एक दार असतं. दोघं जोडीने आले की दार उघडतं, आणि त्यांच्यामागोमाग पाणीही शरीरात शिरतं. जुलाब कितीही होत असले तरी हे दार बऱ्याचदा चालू राहतं. पण दोघांचं प्रमाण जमलं पाहिजे. साखर फार झाली तर ती आतड्यातच पडून राहते आणि उलट शरीरातलं पाणी बाहेर ओढते. कैरीच्या फोडींना साखर लावून ठेवली की थोड्या वेळात पातेल्यात पाणी सुटतं ना, तसंच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात म्हणूनच एका लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड, २.९ ग्रॅम सायट्रेट. बस्स. बाजारातल्या काही 'ओआरएस' नावाच्या पेयांमध्ये लिटरमागे १०० ग्रॅमहून जास्त साखर होती. गणित तुम्हीच करा.

आणि हे सूत्र आलं कुठून, ते ऐका. १९७१. बांगलादेश मुक्तिसंग्राम सुरू होता, सीमा ओलांडून निर्वासितांचे लोंढे पश्चिम बंगालमध्ये येत होते. बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. हॉस्पिटलमध्ये पेशंट जमिनीवर झोपवलेले, सलाईनच्या बाटल्या संपत आलेल्या. तिथे डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोजची पावडर पाण्याच्या ड्रममध्ये कालवली आणि पेशंटच्या नातेवाइकांच्या हातात मग दिले. पाजत राहा, म्हणाले. प्रयोगशाळेत या मिश्रणावर आधी काम झालं होतं, पण अशा चिखलात, नर्स-डॉक्टरांशिवाय, घरच्या माणसांच्या हातून ते चालेल याची कोणाला खात्री नव्हती. त्यांच्या छावणीतला मृत्युदर सुमारे ३० टक्के होता, तो ३.६ टक्क्यांवर आला. १९७८ मध्ये 'लॅन्सेट'ने या उपचाराला शतकातला कदाचित सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध ठरवलं. महालनबीस यांनी त्याचं पेटंट घेतलं नाही. त्यांना पद्मविभूषण मिळालं २०२३ मध्ये, ते गेल्यानंतर.

मला इथे थांबावंसं वाटतं, कारण सगळा घोळ इथूनच सुरू होतो. ज्या शोधाचा मालक कोणी नाही, त्याच्या नावाचाही मालक कोणी नाही. मग ते नाव जो उचलेल त्याचं. पन्नास वर्षं आशाताईंनी, अंगणवाडीसेविकांनी, सरकारी दवाखान्यांनी, शाळेच्या पुस्तकांनी मिळून 'ओआरएस म्हणजे जीव वाचवणारी गोष्ट' हा विश्वास घराघरांत पेरला. सगळा जनतेच्या पैशाने. आणि कापणीच्या वेळी तिथे टेट्रापॅक उभा.

हे कोणाच्याच लक्षात आलं नाही का? आलं. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांच्या लक्षात आलं. आठेक वर्षं त्या याच एका गोष्टीमागे होत्या. पत्रं लिहिली, व्हिडिओ केले, २०२२ मध्ये तेलंगणा उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. त्या वर्षीचा घटनाक्रम मजेशीर आहे, म्हणजे रडू येईल इतका मजेशीर. एप्रिल २०२२ मध्ये प्राधिकरणाने अशा पेयांवर ओआरएस लिहायला मनाई केली. जुलै २०२२ मध्ये त्याच प्राधिकरणाने सांगितलं की बरं, नावाला काहीतरी पुढे-मागे जोडून वापरा, फक्त पॅकवर एक ओळ टाका की हे जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेलं ओआरएस नाही.

परत वाचा. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात: ओआरएस. आणि कुठेतरी एक ओळ: हे ओआरएस नाही.

एप्रिल ते जुलै या तीन महिन्यांत नेमकं काय बदललं? आतडं बदललं नव्हतं. साखर बदलली नव्हती. ज्या देशात बहुतेक आयांना इंग्रजी वाचता येत नाही आणि उरलेल्यांना मूल कडेवर रडत असताना वाचायला वेळ नसतो, तिथे ती एक ओळ कोणासाठी होती? मला विचाराल तर ती आपल्यासाठी नव्हतीच. ती उद्या कोणी कोर्टात गेलं तर दाखवायला होती. सवलत तीन वर्षं टिकली. ऑक्टोबर २०२५ मध्ये ती मागे घेतल्यावर एका कंपनीने लगोलग दिल्ली उच्च न्यायालय गाठलं आणि शिल्लक मालापुरता तात्पुरता दिलासाही मिळवला. पुढे प्राधिकरणाने कंपनीचं म्हणणं फेटाळलं आणि नोव्हेंबरमध्ये राज्यांना असा माल दुकानांतून काढायला सांगितलं. कुंपणच शेत खातं असं म्हणून मोकळं व्हायचा मोह होतो. पण शेवटी आदेश काढला तो कुंपणानेच, हेही खरं. कोणीतरी आठ वर्षं ते हलवत राहिलं म्हणून.

आता मी थोडी विषयांतर करते. त्याआधी एक डिस्क्लोजर: कराडजवळ माझ्या आजोळी तीन एकर ऊस आहे आणि माझी पहिल्या वर्षाची फी मामाने उसाच्या बिलातून भरली. म्हणजे साखरेबद्दल मी काही बोलले तर माझेही हितसंबंध आहेत, हे तुम्हाला माहीत असलेलं बरं.

हीच एक ओळ १९६७ मध्ये अमेरिकेत तीन हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी लिहिली नाही. त्यांनी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये हृदयविकार आणि आहार यांवरच्या संशोधनाचा आढावा घेतला. त्यात बोट चरबीकडे दाखवलं गेलं आणि साखरेकडे जाणारा पुरावा हलका ठरवला गेला. या आढाव्यासाठी साखर उद्योगाच्या संशोधन संस्थेने ६,५०० डॉलर दिले होते, आढावा कशासाठी हवा ते ठरवून दिलं होतं, काही लेख पुरवले होते आणि छापण्याआधी मसुदेही वाचले होते. लेखात याचा उल्लेख नव्हता. हे उघडकीला आलं २०१६ मध्ये, क्रिस्टिन कर्न्स यांनी जुनी पत्रं ग्रंथालयांतून शोधून काढल्यावर. त्या पेशाने डेंटिस्ट. दात किडतात ते साखरेने, हे ज्यांना रोज दिसतं त्यांनीच हा शोध लावावा, हे मला फार आवडतं.

ही गोष्ट मी कॉलेजच्या प्रेझेंटेशनमध्ये झोकात सांगितली होती. 'विज्ञान कसं विकलं जातं' असं काहीतरी भारी नाव दिलं होतं. टाळ्या पडल्या. मग मॅडमनी विचारलं, "या गोष्टीला कोणी आक्षेप घेतलाय का, बघितलंस?" बघितलं नव्हतं. २०१८ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात कोलंबिया विद्यापीठाच्या दोन अभ्यासकांनी लिहिलंय की त्या काळी उद्योगांकडून पैसे घेणं सर्रास चालायचं, दुग्धउद्योगही द्यायचा, त्या शास्त्रज्ञांची मतं आधीपासूनच तशी होती, आणि या पत्रांवरून मोठं कारस्थान सिद्ध होत नाही. दोन्ही वाचून माझं मत असं झालं की पैसे लपवणं चूकच होतं, पण 'साखरवाल्यांनी अख्खं पोषणशास्त्र विकत घेतलं' हे वाक्य माझ्या स्लाइडवर जास्त शोभत होतं, पुराव्यात कमी होतं. मी टेट्रापॅकवर विश्वास ठेवला होता तसाच मी या गोष्टीवर ठेवला होता. कारण तिचंही लेबल छान होतं.

आपल्या वयात ना, शंका घेणं कूल आहे. 'सगळे विकले गेलेत यार' म्हणायला काही लागत नाही. सरकार खोटं बोलतं, कंपन्या खोटं बोलतात, डॉक्टर कट घेतात, मीडिया गोदी. (हे शेवटचं मला घरी रोज ऐकवलं जातं.) आणि मग आपण त्याच तोंडाने एखाद्या रीलमधल्या सप्लिमेंट विकणाऱ्या मुलाचं ऐकतो, कारण तो 'ते तुम्हाला सांगणार नाहीत' म्हणाला. अमेरिकेतल्या एका सिगारेट कंपनीच्या १९६९ च्या अंतर्गत टिपणात स्पष्ट लिहिलं होतं की आपण जे विकतो ती वस्तू म्हणजे शंका. सिगारेट चांगली आहे हे लोकांना पटवायची गरजच नव्हती. 'शास्त्रज्ञांचं काय, आज एक म्हणतात उद्या दुसरं' एवढं पटलं की पुरे. म्हणजे तुमचा-माझा अविश्वाससुद्धा कोणीतरी पॅक करून विकू शकतं.

मग करायचं काय? कोव्हिडमधलं एक उदाहरण मला नेहमी आठवतं. तेव्हा मी शाळेत होते, पण नंतर वाचलं. २ जुलै २०२० ला आयसीएमआरच्या महासंचालकांनी लसीच्या चाचण्यांसाठी निवडलेल्या १२ संस्थांना पत्र लिहिलं. त्यांत नागपूर, बेळगाव आणि गोव्यातलीही एकेक होती. सगळ्या चाचण्या पूर्ण करून १५ ऑगस्टपर्यंत लस लोकांना देण्याचं लक्ष्य त्यात होतं. सहा आठवडे! माणसांवरची पहिली चाचणीही तेव्हा सुरू झाली नव्हती. स्वातंत्र्यदिनाची तारीख विषाणूला कोणी सांगितली होती? शास्त्रज्ञांनी आरडाओरड केली, तारीख मागे पडली. मग ३ जानेवारी २०२१ ला तिसऱ्या टप्प्याचा परिणामकारकतेचा डेटा येण्याआधीच कोव्हॅक्सिनला 'क्लिनिकल ट्रायल मोड' अशा अजब नावाखाली परवानगी मिळाली. लस तयार करण्यात आयसीएमआर स्वतः भागीदार होती. ज्यांनी डेटा मागितला त्यांना देशद्रोहीपासून सगळं ऐकून घ्यावं लागलं.

नोव्हेंबर २०२१ मध्ये तो डेटा 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. लस ७७.८ टक्के परिणामकारक होती. म्हणजे लस चांगलीच निघाली.

इथे दोन्ही बाजूंची मंडळी मला सांगतात की त्यांचंच बरोबर होतं. एक गट म्हणतो, बघ, उगाच शंका घेत होते. दुसरा म्हणतो, मग आकड्यांवर तरी कशाला विश्वास ठेवायचा? मला दोघांचंही पटत नाही. पेपर तपासण्याआधीच निकाल लावला आणि मुलगा खरोखर पास निघाला, तरी निकाल आधी लावणं बरोबर ठरत नाही. आणि ज्या लोकांनी 'डेटा दाखवा' म्हटलं, त्यांनी डेटा आल्यावर तो वाचला आणि मान्य केला. 'लसीत चिप आहे' म्हणणाऱ्यांना कुठला डेटा दाखवला असता तर ते गप्प बसले असते? काय दिसलं तर माझं मत बदलेल, हे ज्याला सांगता येतं त्याची शंका मी ऐकून घेते. डॉ. शिवरंजनी यांची मागणी बघा किती छोटी होती. कंपन्या बंद करा नाही, सगळी पेयं विष आहेत नाही. फक्त जे ओआरएस नाही त्याला ओआरएस म्हणू नका. एवढ्या छोट्या वाक्याला आठ वर्षं लागली, कारण ते अचूक होतं. अचूक वाक्याला उत्तर द्यावं लागतं. 'सगळे चोर' म्हणणाऱ्याला कोणी उत्तर देत नाही, आणि चोरांना ते फार सोयीचं असतं.

हे सगळं लिहिताना मला जरा संकोच वाटतोय, कारण एक गोष्ट अजून सांगायची राहिली आहे. इंटर्नशिपच्या दुसऱ्याच आठवड्यात माझ्या मेलवर एका पीआर एजन्सीचं पत्र आलं. शहरातल्या इतक्या इतक्या टक्के तरुणांचं पोट बिघडलेलं आहे असा सर्व्हे, सोबत रंगीत ग्राफ, एका आहारतज्ज्ञांचं तयार वाक्य. मला बायलाइनची घाई होती. मी त्यावरून तीनशे शब्दांची बातमी केली. सर्व्हे कोणी केला, किती जणांचा केला, प्रश्न काय विचारले, काही विचारलं नाही. शेवटच्या परिच्छेदात खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की सर्व्हे एका प्रोबायोटिक पेयाच्या ब्रँडने केला आहे. ती ओळ मी जागेअभावी उडवली. जागेअभावी! दुसऱ्या दिवशी बाबांनी ती बातमी कापून फॅमिली ग्रुपवर टाकली, काकूने खाली विचारलं, "मग काय प्यावं गं आम्ही?"

त्या वेळी मी अंगठा टाकला आणि फोन खाली ठेवला. त्या बातमीचं लेबल मी लिहिलं होतं. तुमच्यापैकी कितीजणांनी ती वाचली असेल मला माहीत नाही. वाचली असेल तर ती ओळ आज इथे छापली, असं समजा.

तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली आहे. कुठलाही रिसर्च पेपर उघडला की आधी शेवटी जाते. फंडिंग कोणाचं, हितसंबंध काय जाहीर केलेत, ते तिथे लिहिलेलं असतं. कंपनीचे पैसे दिसले म्हणून पेपर फेकून देत नाही. कंपन्या चांगलं संशोधनही करतात, आणि सरकारी पैशावरही लगाम असतात. फक्त मग वाचताना दुसऱ्या कोणी, ज्याला यातून काही मिळणार नाही अशाने, तेच करून बघितलंय का, ते शोधते. बऱ्याचदा अर्ध्या तासाचं काम असतं. कधी कधी कंटाळा येतो आणि मी ते करत नाही. तेव्हा मी ती गोष्ट निदान फॉरवर्ड करत नाही. सरकारी कागद हवा असेल तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. आपल्या वर्गातल्या किती जणांनी तो एकदा तरी टाकलाय, विचारून बघा. आमच्या वर्गात, पत्रकारितेच्या वर्गात, चार हात वर आले होते.

मागच्या महिन्यात मी गावी गेले होते. मामेभाऊ सात वर्षांचा, सकाळपासून पोट धरून बसलेला. मामी म्हणाली, जा गं, दुकानातून ते ओआरएस आण, गोड असतं ते, पितो तो. मी गेले. दुकान छोटं, फ्रिज मात्र मोठा. आत आता तेच टेट्रापॅक, नाव बदललेलं, रंग तोच, संत्र्याचं चित्र तेच. मी म्हटलं, "पावडरचं पाकीट द्या, डब्ल्यूएचओ लिहिलेलं." दुकानदारकाकांनी खालच्या खणात बरंच हुडकलं. धूळ पुसून एक पाकीट काउंटरवर ठेवलं आणि म्हणाले, "हे? हे तर आरोग्य केंद्रात फुकट मिळतंय की."

मामेभावाला त्याची चव अजिबात आवडली नाही. चमच्या-चमच्याने पाजायला आम्हाला अख्खी दुपार लागली.